चावीकाकूंच्या तीन मांडण्या

चावीकाकू येत आहेत हे आधी कानांना कळतं, डोळ्यांना मागाहून. कमरेला चाव्यांचा जुडगा आणि डावा गुडघा दुखरा, त्यामुळे चाल अशी: खुळखुळ, खुळखुळ, छण्ण! डाव्या पायावर भार आला की जुडगा मांडीवर आपटतो, तो हा छण्ण. चर्चच्या आवारातली मांजरंसुद्धा हा ताल ओळखतात आणि पायरी सोडून बाजूला होतात. काकूंना त्यांचं खरं नाव विचारलं तर त्या जरा आठवल्यासारखं करतात आणि म्हणतात, "होतं बाई काहीतरी. कपाटात असेल."

राहायला चर्चच्या पाठीमागच्या दोन खोल्या. काम म्हणाल तर झाडणं, पुसणं, गळके नळ, गेलेले दिवे, आणि खुर्च्या. त्यातल्या त्यात खुर्च्या. कारण या एका इमारतीत रविवारी एक नाही, तीन मंडळ्या उपासनेला येतात, आणि तिघींची बसायची तऱ्हा तीन प्रकारची.

इमारत मुळात घंटावाल्यांची. ही नावं काकूंनी ठेवलेली आहेत, पाटीवरची नावं वेगळी आणि लांबलचक आहेत. घंटावाल्यांकडे घंटा, मेणबत्त्या, धूप, वेदी, गुडघे टेकायला उशा, सगळा थाट. पुढे कधीतरी रस्ता रुंद झाला आणि गप्पवाल्यांची बैठकीची खोली त्यात गेली. हे लोक गोल करून बसतात आणि तासभर कुणी काही बोलत नाही. आतून काही सुचलंच तर उठून दोन वाक्यं बोलतात आणि पुन्हा बसतात. मग एका वादळात टाळीवाल्यांचं छप्पर उडालं. त्यांच्याकडे ड्रम, गिटार, टाळ्या, नाच, आणि पोरं इकडून तिकडे पळणारी. दोघांनाही घंटावाल्यांनी "दोन महिने इथेच या" म्हणून बोलावलं. ते दोन महिने अजून चालूच आहेत.

तर रविवारची मांडणी अशी. सकाळी लवकर गप्पवाले: खुर्च्यांचं रिंगण, मध्ये काही नाही. पहिल्यांदा काकूंनी मध्ये फुलदाणी ठेवली होती. एवढी मोकळी जागा बघून त्यांना कसंतरीच झालं होतं. गप्पवाल्यांच्या बाईंनी ती हळूच उचलून खिडकीत ठेवली. त्यानंतर घंटावाले: वेदीकडे तोंड करून रांगा, प्रत्येक खुर्चीमागे उशी, मेणबत्त्या, घंटेची दोरी खुंटीवरून सोडलेली. दुपारच्या आत टाळीवाले: खुर्च्या भिंतीला, मध्ये सतरंजी, ड्रम डाव्या कोपऱ्यात, कारण उजव्या कोपऱ्यातल्या प्लगमधून ठिणग्या येतात. ते गेले की काकू पुढच्या रविवारसाठी पुन्हा रिंगण मांडत. हे सगळं त्या एकट्या करत. सुतारकाकांनी, म्हणजे त्यांच्या नवऱ्यानं, खुर्च्या वाहायला चाकांची गाडी करून दिली होती. ती गाडीही डावीकडे लंगडायची, तेव्हा दोघी मिळून चालल्या की दोन बायका भांडत चालल्यात असं वाटायचं.

पण काकूंची खरी करमणूक वेगळीच होती. काकूंना नकला यायच्या, आणि नुसत्या यायच्या नाहीत, अंगात यायच्या.

घंटावाल्यांचे पाद्रीबाबा चहासुद्धा मागताना प्रवचन देतात. काकू हनुवटी छातीत घालून सुरू करत: "माझ्या प्रि-य भगिनी... या पेल्यात... जर का... साखर असती..." टाळीवाल्यांचे पास्टर तरुण आहेत आणि त्यांना सगळ्यातच आनंद होतो. नळ दुरुस्त झाला की "हालेलूया!", नळ पुन्हा फुटला की "हालेलूया, काकू, प्रभू आपल्याला धीर शिकवतोय!" आणि गप्पवाल्यांच्या बाई. त्या निवृत्त शाळामास्तरीण. गप्पवाल्यांमध्ये पाळक वगैरे कुणी नसतो, पण काही विचारायचं तर बाईंनाच विचारायचं. बाईंचा फोन आला की लोक दोनदा तरी "हॅलो? हॅलो?" करतात, कारण त्यांच्या एका वाक्यातून दुसऱ्या वाक्यापर्यंत जायला मध्ये चांगली वाट असते. काकू रिसीव्हर धरल्यासारखा हात करून म्हणत, "काकू..." आणि गप्प. भाजी चिरून व्हायची. मग: "...मी बोलतेय."

त्यांचा सगळ्यात गाजलेला प्रयोग म्हणजे तीन आमेन. घंटावाल्यांचं: "आऽ-मेऽ-ऽऽन", जिन्यावरून सावकाश खाली उतरल्यासारखं. टाळीवाल्यांचं: "आमेन! आमेन का? आमेन!" आणि गप्पवाल्यांचं आमेन म्हणजे शेवटी कुणीतरी जरा हलतो आणि खुर्ची करकरते. तेवढंच. काकू ती खुर्ची तोंडाने करायच्या. "क्ऱ्यीक." सूनबाई हसून हसून ओट्याला धरायची.

सूनबाई टाळीवाली. सुतारकाका गप्पवाले. काकू जन्मानं घंटावाल्या. मुलगा रात्रपाळी करून रविवारी दुपारपर्यंत झोपतो. त्याची मंडळी चौथी, उशीची. एका छपराखाली एवढा प्रकार, म्हणून संध्याकाळचं जेवण ही एक बघण्यासारखी गोष्ट होती.

सूप वाढून झालं की आधी काकू. कपाळ, छाती, खांदा, खांदा, आणि पाठ प्रार्थना एका दमात, शेवटचं आमेन येईपर्यंत हात चमच्याकडे गेलेला. मग सुतारकाका. आठवडाभर करवतीचं यंत्र कानात किंचाळतं, तेव्हा या माणसाला देवाकडून एकच हवं असतं, शांतता. ते सुपाकडे बघत बसतात. वाफ जराशी खाली बसली की त्यांची प्रार्थना झाली. मग सूनबाई. ती फोन दुरुस्तीच्या दुकानात काम करते आणि दिवसभरातलं एकही गिऱ्हाईक प्रभूच्या कानावर घातल्याशिवाय सोडत नाही. "आणि प्रभू, त्या आजोबांचा फोन बादलीत पडला, त्यात त्यांच्या बायकोचा आवाज आहे, तेवढा वाचू दे. आणि ती मुलगी, जिनं स्क्रीन तिसऱ्यांदा फोडली, तिचा राग, प्रभू, तिचा राग तू बघ..."

"प्रभूला कळलं गं," काकू डोळे मिटूनच म्हणायच्या. "आता सुपाचंही बघ म्हणावं."

"आई, मध्ये बोलू नका, लिंक तुटते."

सूप गार व्हायचंच. काकू रोज कुरकुरायच्या आणि रोज पातेलं पुन्हा गॅसवर चढवायच्या.

गुडघा मात्र दरवर्षी वाढत्या आवाजात बोलायला लागला होता. एका रविवारी काकू उशा उचलायला खाली बसल्या आणि उठायला त्यांना खुर्ची, भिंत आणि पाद्रीबाबा असे तीन आधार लागले. पाद्रीबाबांनी ते मनावर घेतलं. पास्टरांना सांगितलं, बाईंना सांगितलं. तिघांनाही अपराध्यासारखं झालं. आपण देवाला भेटायला येतो आणि या माउलीचे गुडघे झिजवून जातो! तिघांची बैठक झाली आणि त्यात एक योजना निघाली. काकूंना बोलावून ती ऐकवली.

"माझ्या प्रिय भगिनी," पाद्रीबाबा म्हणाले, "यापुढे... तीन उपासना नाहीत. ए-क उपासना. ए-क वेळ. ए-क मांडणी. खुर्च्या एकदा मांडल्या... की मांडल्या."

"हालेलूया!" पास्टर म्हणाले. "एका मंडळीसारखं, काकू! आणि तुमच्या गुडघ्याला आराम!"

बाई काकूंचा हात हातात घेऊन बसल्या होत्या. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "फार... केलंत... आमच्यासाठी."

काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढा विचार त्यांच्यासाठी कुणी केलाच नव्हता. त्या "थँक्यू, थँक्यू" म्हणत बाहेर पडल्या आणि व्हरांड्यात आल्यावर उगाचच जुडग्यातल्या चाव्या मोजत उभ्या राहिल्या. का, ते त्यांनाच कळेना.

ते कळलं नमुन्याच्या रविवारी. आधी एकदा करून बघू, मग बैठकीत पक्कं करू, असं ठरलं होतं. खुर्च्या अर्धगोल, म्हणजे ना रिंगण ना रांगा. वेदीवर एकच मेणबत्ती. ड्रम झाकलेला, पण गिटारला परवानगी. प्रभुभोजनाचा विषय निघाला तेव्हा तिघेही खिडकीबाहेर बघायला लागले होते, म्हणून ते ज्याचं त्यानं वेगळं करावं असं ठरलं. बाकी सगळं थोडं थोडं सगळ्यांचं.

काकू मागच्या खुर्चीवर पाय लांब करून बसल्या होत्या. घंटा एकदाच वाजली, चुकून हात लागल्यासारखी. पाद्रीबाबांनी आपलं "प्रि-य" आवरून धरलं आणि त्या सुराविना ते उघडे पडल्यासारखे दिसू लागले. टाळीवाल्यांनी टाळ्या वाजवल्या, पण बोटांनी, शेजारी कुणी झोपलंय म्हणून डास हळूच मारावा तशा. त्यांची पोरं आयांच्या मांडीवर दाबून धरलेली. मग "आता आपण शांत राहू या" अशी सूचना झाली. गप्पवाले डोळे मिटून जरा कुठे आत उतरतात तोच कुणीतरी खाकरलं, कुणीतरी घड्याळ बघितलं, आणि पास्टरांना ती शांतता सोसवेना. त्यांचा पाय एकटाच ठेका धरून बसला होता. शेवटचं आमेन तर असं झालं की अर्धे जिना उतरायला निघाले, अर्ध्यांनी जोरात सुरुवात करून जीभ चावली, आणि करकर कुठे ऐकूच आली नाही.

बाहेर पडताना सगळे एकमेकांशी फार गोड बोलत होते. काकूंना तीच भीती वाटली. ज्यांना पुन्हा यायचं नसतं ते असंच बोलतात.

घरी तर त्याहून वाईट झालं. त्या संध्याकाळी सूनबाईनं ठरवलंच होतं की सासूबाईंना त्रास नको, आपणही एकच करू. तिनं एका वाक्यात आटोपलं: "प्रभू, जेवणाबद्दल आभार, आमेन." सुतारकाका सभ्य माणूस. त्यांनी मोठ्यानं "आमेन" म्हटलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. काकू दचकल्याच.

सूप गरमागरम. जीभ पोळेल इतकं.

"त्या आजोबांच्या फोनचं काय झालं?" काकूंनी विचारलं.

"कुठल्या? हां, ते. बघू." आणि सूनबाई सूप पीत राहिली.

मग हळूहळू एकेक कानावर येऊ लागलं. टाळीवाले जुन्या गोदामाच्या मालकाशी बोलत होते. बाईंच्या घरच्या पुढच्या खोलीसाठी कुणीतरी बाकं करून मागितली होती. हे काकूंना कळलं कारण ती बाकं सुतारकाकाच करत होते आणि त्यांनी पट्टीवरून नजर वर केली नाही. सूनबाईही म्हणाली, "आई, गोदामात उपासना झाली तर मी तिकडे जाईन म्हणते. ठीक आहे ना?" म्हणजे एक उपासना करायला निघाले आणि तीन दिशांना चालले. आणि हे सगळं काकूंच्या गुडघ्यासाठी!

बोलायला हवं होतं. पण बोलणार कसं? लोक तुमच्यासाठी एवढं करतात आणि तुम्ही म्हणायचं, नको? आणि तेही घंटावाल्यांच्याच इमारतीत राहून? काकू आरशासमोर उभ्या राहून सराव करत. "पाद्रीबाबा, माझं म्हणणं असं..." आणि पुढे पाद्रीबाबांचाच आवाज यायचा, "माझ्या प्रि-य भगिनी," आणि त्या स्वतःलाच गप्प करून टाकायच्या.

बैठक बुधवारी होती. मधला एक रविवार जुन्या पद्धतीनं व्हायचा होता, शेवटचा. काकूंनी ठरवलं, बोलता येत नाही तर नाही, पण या तिन्ही मांडण्या अशा करीन की माझ्याच मनात राहतील. खरं तर रिंगण आठवडाभर मांडलेलंच होतं. तरी पहाटेचं उजाडताच त्या आत गेल्या आणि एकेक खुर्ची पुसायला लागल्या. पायही पुसले खुर्च्यांचे. मग वाटलं, घंटावाल्यांच्या उशाही आत्ताच काढून झटकू. उशांचा ढीग उचलून वळल्या, आणि गुडघ्यानं "बास" म्हटलं. काकू उशांसकट खाली. बरं झालं, उशांवरच पडल्या.

बाई नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या आधी आल्या. रिंगणाच्या मधोमध उशांच्या ढिगावर काकू बसलेल्या.

"काकू..." बाई म्हणाल्या. मग बराच वेळ बघत राहिल्या. "...फुलदाणी... बरी होती."

काकूंना वेदनेतही हसू फुटलं.

गप्पवाल्यांनी त्यांना उचलून खिडकीशी खुर्चीत बसवलं, पायाखाली उशा दिल्या. सुतारकाकांनी गुडघ्याला पट्टा बांधला. "घरी चल," ते म्हणाले.

"नाही. इथेच बसते."

"मग जागची हलू नकोस." एवढं लांब वाक्य ते रविवारी बोलत नसत.

गप्पवाल्यांचा तास काकूंनी पहिल्यांदाच पुरा आतून पाहिला. एरवी त्या तेव्हा धूपदाणी घासत असायच्या. तास संपला, खुर्ची करकरली, आणि मग अडचण उभी राहिली. आता घंटावाले येणार. मांडायचं कुणी?

"आम्ही... मांडू," बाई म्हणाल्या.

मांडलं त्यांनी. रांगा सरळ, अगदी पट्टी लावून. पण दोन खुर्च्यांमध्ये एवढं अंतर की मधून गाय गेली असती. गप्पवाल्यांना वाटतं, माणसाला त्याची त्याची मोकळीक हवी. घंटावाल्यांना खांद्याला खांदा लागल्याशिवाय प्रार्थना सुचत नाही. काकूंनी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांना दिसलं की बाई शिडीवर चढून घंटेपाशी पोचल्या आहेत. त्यांनी आपल्या गळ्यातला मऊ लोकरी स्कार्फ काढला आणि घंटेच्या आत लोंबणाऱ्या लोळ्याला गुंडाळला. तान्ह्या बाळाच्या डोक्याला टोपी घालावी तसा, आधी सैल, मग गाठ, मग गाठ आतल्या बाजूला.

"एवढा... मोठा आवाज," खाली आल्यावर त्या काकूंना म्हणाल्या. "अचानक. बिचाऱ्यांना... किती लागत असेल."

काकूंनी उघडलेलं तोंड मिटून घेतलं.

पाद्रीबाबा आले, दोरी धरली, ओढली. थप्प. पुन्हा ओढली. थप्प. त्यांनी वर पाहिलं, आणि बराच वेळ वर पाहतच राहिले. मग खाली वळून म्हणाले, "माझ्या प्रियांनो... आज... घंटेला थंडी वाजली आहे." आणि हातांनी खुणावून सगळ्यांना खुर्च्या जवळ ओढायला लावल्या.

आता घंटावाल्यांची पाळी. टाळीवाल्यांसाठी त्यांनी खुर्च्या भिंतीला लावल्या, सतरंजी अंथरली, ड्रम बरोबर डाव्या कोपऱ्यात ठेवला. पण एवढ्यावर त्यांचं समाधान होईना. हे काय, अगदीच बोडकं! म्हणून सणासुदीला काढतात त्या चांदीच्या समया त्यांनी बाहेर काढल्या आणि सतरंजीच्या चारी बाजूंनी लावल्या. धूपदाणी ड्रमच्या शेजारी. पाद्रीबाबांनी धूप जरा सढळ हातानं घातला. "त्यांच्याकडे नसतो," ते काकूंना हळूच म्हणाले, आणि त्या वेळी त्यांना प्रवचनाचा सूर लावायची आठवण राहिली नाही.

टाळीवाले आत आले ते धुरात. "हालेलू- आक्छू! लूया!" पास्टर ओरडले. ड्रम वाजवणारा दिसेना, नुसता वाजत होता. नाचणारे समयांना वळसे घालून असे नाचले की काकूंना वाटलं, यांना कुणी मुद्दाम शिकवलंय. सूनबाई डोळे पुसत होती. धुरानं की कशानं, तिलाच ठाऊक. समया विझवल्यावर पास्टर त्यांपाशी वाकून उभे राहिले. "काकू, ह्या तर त्यांच्या मोठ्या सणाच्या ना? आमच्यासाठी काढल्या?" आणि एकदाही हालेलूया म्हणाले नाहीत.

मग टाळीवाले रिंगण मांडायला लागले. बुधवारची बैठकही त्याच रिंगणात होणार होती. ते एवढे उत्साहात की रिंगणाची दोन रिंगणं झाली, मग एक झालं. शेवटी पास्टरांनी कपाटातून काहीतरी आणून प्रत्येक खुर्चीखाली सरकवलं. काकूंनी वाकून पाहिलं. खंजिरी. प्रत्येक खुर्चीखाली एक.

"त्यांना वाजवायला कधी मिळतच नाही," पास्टर म्हणाले. "मागायला संकोच वाटत असेल. आता कुणाला वाटलंच तर हाताशी असावी."

काकूंना हसूही येत होतं आणि आतून काहीतरी भरून आल्यासारखंही होत होतं. चुकले होते तिघंही. पण चुकले कसे? ज्याला जे सगळ्यात जवळचं, ते त्यानं दुसऱ्याच्या ताटात वाढलं होतं. गप्पवाल्यांनी शांतता, घंटावाल्यांनी समया, टाळीवाल्यांनी खंजिरी. इतकी वर्षं हे लोक एकाच दारानं आत-बाहेर करत होते आणि एकमेकांची खुर्ची कुणी उचलली नव्हती. उचलायची कशी? काकू होत्या ना! ते काम काकूंनी कधी कुणाला करूच दिलं नव्हतं.

बुधवारी काकू काठी टेकत बैठकीला गेल्या. पाद्रीबाबांनी स्कार्फ घडी करून बाईंना परत दिला. "ऊब... चांगली होती," ते म्हणाले. बाई बसल्या, त्यांचा पाय मागे गेला आणि खंजिरी वाजली. छन्! बाई जागच्या जागी उडाल्या. त्यांनी खाली वाकून ती उचलली, उलटसुलट पाहिली, मांडीवर ठेवली.

"तर," पाद्रीबाबा म्हणाले, "ए-क उपासना. काकूंच्या गुडघ्याची अवस्था आपण पाहिलीच. पक्कं करू या?"

"थांबा," बाई म्हणाल्या. सगळे थांबले. बाईंबरोबर थांबायची सवय असावी लागते. "काकू... तीन आमेन... करता म्हणे."

काकूंचे कान तापले. त्यांनी दाराशी उभ्या असलेल्या सुतारकाकांकडे पाहिलं. ते छताकडे बघत होते. एवढा अबोल माणूस, आणि नेमकी हीच गोष्ट तेवढी बोलून बसला होता!

"खुर्चीचं... फार छान करता... असं ऐकलं."

आता सुटका नव्हती. काकूंनी जिना उतरून दाखवला. मग "आमेन का? आमेन!" मग डोळे मिटून, "क्ऱ्यीक." पास्टर खुर्चीवरून घसरले. पाद्रीबाबांचं पोट हलत होतं. बाईंच्या मांडीवरची खंजिरी आपोआप वाजत होती, इतक्या त्या आवाज न करता हसत होत्या.

हसण्यात काकूंची भीती कुठे सांडली कळलं नाही.

"मी एक बोलू?" त्या म्हणाल्या. "तुम्ही हे सगळं माझ्यासाठी केलंत. सख्खी माणसं करत नाहीत एवढं. मी रोज त्याबद्दल देवाचे आभार मानते. पण त्या नमुन्याच्या रविवारी मी मागे बसले होते. घंटा लाजून वाजली. टाळ्या चोरून वाजल्या. गप्पसुद्धा धड बसता आलं नाही कुणाला. माझ्या एका गुडघ्यापायी तिघांचे गळे नका हो बांधू."

"पण काकू," पास्टर म्हणाले, "आपण एक व्हायला नको?"

"झालात की या रविवारी! बाई शिडीवर चढल्या. स्वतःचा स्कार्फ काढून पाद्रीबाबांच्या घंटेला बांधला."

"चुकीचा... बांधला," बाई म्हणाल्या.

"चुकीचा बांधलात. पण इतक्या वर्षांत त्या घंटेकडे मान वर करून पाहिलं होतंत का? आणि पाद्रीबाबा, तुम्ही त्या समया कधी कुणाला हात लावू देता?"

पाद्रीबाबा दाढी कुरवाळत राहिले.

"मला एवढंच हवंय," काकू म्हणाल्या. "उपासना ज्याची त्यानं पोटभर करावी. आणि निघताना पुढच्यांसाठी मांडून जावं. तुम्ही त्यांच्यासाठी, ते यांच्यासाठी, हे तुमच्यासाठी. मी बसून सांगीन. ओरडीनही. खुर्च्यांमधून गाय जाऊ देणार नाही आणि धूप चमच्यानं मोजून देईन. एवढी वर्षं मी हे एकटीनं केलं आणि मला वाटायचं, ओझं आहे. ओझं नव्हतं हो. तुम्ही कसे कसे देवापाशी जाता ते मला हाताला कळायचं. ते मी तुम्हाला कधी कळूच दिलं नाही."

मग जी शांतता पसरली ती चांगली लांब होती, आणि गंमत म्हणजे पास्टरांचा पाय ठेका धरत नव्हता. शेवटी बाई उठल्या.

"मला... उशा... कशा ठेवायच्या... ते शिकायचंय."

"गोल शिवण खाली, काकू, हो ना?" पाद्रीबाबा एकदम सरळ आवाजात म्हणाले. "आमच्यातसुद्धा निम्म्यांना माहीत नाही."

पास्टर म्हणाले... काय म्हणाले ते सांगायला नकोच.

गोदामाच्या मालकाला नकार गेला. बाईंच्या घरची बाकं अर्धी झाली होती. सुतारकाकांनी त्याच लाकडाची खुर्च्यांसाठी नवी गाडी केली, तिन्ही मंडळ्यांना ढकलता येईल अशी, न लंगडणारी. काकूंना ती जरा परकीच वाटते.

बैठकीच्या दिवशी संध्याकाळी सूप वाढून झालं. काकूंनी कपाळ, छाती, खांदा, खांदा केलं आणि एका दमात आपलं म्हटलं. सुतारकाका सुपाकडे बघत बसले. वाफ चढली, वाकली, विरळ झाली. त्यांनी "आमेन" म्हटलं नाही. त्यांची खुर्ची तेवढी करकरली.

मग सूनबाईनं डोळे मिटले.

"प्रभू," ती म्हणाली आणि थांबली. एक डोळा उघडून तिनं सासूबाईंकडे पाहिलं.

"बोल ना," काकू म्हणाल्या. "त्या आजोबांच्या फोनपासून सुरू कर."

"प्रभू, तो फोन चालू झाला! आजोबा दुकानातच बसून ऐकत होते, तीनदा ऐकलं, आणि प्रभू, त्यांच्या बायकोनं फक्त एवढंच म्हटलं होतं की येताना साबण आणा. त्याबद्दल आभार. आणि त्या रागीट मुलीनं आज स्क्रीनला कव्हर घेतलं, त्याबद्दलही. आणि आईंच्या गुडघ्याबद्दल. आणि बाईंनी मला खंजिरी कशी धरायची ते विचारलं, त्याबद्दल. आणि..."

तेवढ्यात आतल्या खोलीतून चौथी मंडळी डोळे चोळत उठून आली. मुलानं सुपात बोट बुडवून पाहिलं.

"गार झालंय. गरम करू?"

"अजून संपलं नाही तिचं," काकू डोळे मिटूनच म्हणाल्या. "झालं की कर."